सकाळच्या एका गोळीचा इतिहास: मांडव्यापासून परळपर्यंत

मंडळी, पोस्ट लांब आहे, सवडीने वाचा. घरात कोणाला फुफ्फुसाच्या कॅन्सरची गोळी चालू असेल तर नक्कीच वाचा. नसेल तरी वाचा, कारण यातलं बरंचसं आपल्या कायद्याने, आपल्या करातून चालणाऱ्या हॉस्पिटलने आणि आपल्या जेट्टीने ठरवलेलं आहे.

मांडवा, सासवणे, आवास, किहीम, थळ या आपल्या पट्ट्यात पूर्वी कॅन्सर म्हटलं की दोनच शब्द कानावर यायचे, 'किमो' आणि 'शेक'. आता तिसरा यायला लागलाय, 'टार्गेटेड थेरपी'. माझ्या आत्याची तीच चालू आहे. आत्याने जन्मात बिडी-सिगारेट ओढली नाही. भातशेती, वालाचं शेत आणि सीझनला पांढऱ्या कांद्याच्या माळा विणणं, हे तिचं आयुष्य. तरी फुफ्फुसाचा कॅन्सर निघाला, आणि परळला तपासण्या झाल्यावर डॉक्टरांनी सलाईनऐवजी रोज सकाळी घ्यायची एक गोळी लिहून दिली. महिन्याचा खर्च काही हजार.

घरातल्या सगळ्यांना पहिला प्रश्न पडला तो हा की कॅन्सरचं औषध एवढ्यात कसं मिळतं? शहाण्या लोकांनी लगेच शंका काढली, स्वस्त आहे म्हणजे डुप्लिकेट असेल. नाहीये. ते स्वस्त का आहे याला मोठा इतिहास आहे, आणि तो आपल्याला कोणी शाळेत शिकवला नाही. म्हणून हा प्रपंच.

आधी हॉस्पिटलचा इतिहास.

सर दोराबजी टाटांच्या पत्नी मेहेरबाई १९३१ साली ल्युकेमियाने, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरने गेल्या. परदेशात नेऊनही उपयोग झाला नाही. पुढच्याच वर्षी दोराबजीही गेले. त्यांच्या ट्रस्टने परळला कॅन्सरचं हॉस्पिटल उभारलं, ते २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झालं. तेव्हा आपल्याकडे कॅन्सर झाला म्हणजे लोक देवाला कौल लावायचे नाहीतर अंथरूण धरायचे. त्या काळात या एकाच रोगासाठी वेगळं हॉस्पिटल काढणं हे धाडस होतं.

पण आपल्यासाठी १९४१ पेक्षाही महत्त्वाचं वर्ष आहे १९६२. त्या साली टाटा मेमोरियल केंद्र सरकारच्या अणुऊर्जा विभागाकडे गेलं. होमी भाभांचा तो काळ. आजही ते त्याच विभागाखाली आहे. नाव टाटांचं असलं तरी ते सरकारी हॉस्पिटल आहे, आणि आगरी, कोळी, कातकरी, मराठा कोणीही असो, पिवळं-केशरी रेशनकार्ड घेऊन तिथे जाता येतं ते त्यामुळे. त्यांचंच संशोधन केंद्र, ॲक्ट्रेक, खारघरला आहे, म्हणजे आपल्या रायगड जिल्ह्यातच. परळच्या त्या आवारात संशोधनाची परंपराही जुनी. पुण्याच्या डॉ. कमल रणदिवे यांनी तिथल्या संशोधन संस्थेत पेशी काचेत वाढवायची देशातली पहिली प्रयोगशाळा उभी केली, त्यांना १९८२ ला पद्मभूषण मिळालं. मराठी बाईने पेशींवर केलेलं हे काम आपल्या मुलांना माहीत नसतं, म्हणून इथे मुद्दाम लिहितोय.

आता गोळीकडे येऊ.

अमेरिकेत स्टॅनली कोहेन नावाचे शास्त्रज्ञ उंदरांवर काम करत होते. उंदराच्या लाळग्रंथीतला अर्क नवजात पिल्लांना टोचला तर त्यांचे डोळे वेळेआधी उघडायचे आणि दातही लवकर यायचे. म्हणजे त्या अर्कात त्वचेच्या पेशींना 'वाढा' असं सांगणारं काहीतरी होतं. त्यांनी ते शोधून वेगळं केलं. १९६२ च्या या कामातून पुढे १९८६ चं नोबेल आलं. हा वाढीचा निरोप पेशीच्या अंगावरच्या ज्या कडीत अडकतो, तिला म्हणतात ईजीएफआर. काही जणांच्या फुफ्फुसात ही कडी बिघडते आणि निरोप आलेला नसतानाही पेशीला वाढायला सांगत सुटते. गेफिटिनिब, एर्लोटिनिब, ओसिमर्टिनिब या गोळ्या त्या बिघडलेल्या कडीला कुलूप घालतात. म्हणून 'टार्गेटेड', नेम धरून मारलेलं औषध.

गंमत बघा, गेफिटिनिब २००२ साली जपानमध्ये आणि २००३ साली अमेरिकेत बाजारात आलं तेव्हा ते नेमकं कोणाला लागू पडतं हे कोणालाच नीट माहीत नव्हतं. दहातल्या एखाद्याला जादूसारखा फरक पडायचा, बाकीच्यांना काहीच नाही. फरक पडणाऱ्यांत बायका जास्त, धूम्रपान न करणारे जास्त, आशियातले जास्त. २००४ साली बोस्टनच्या डॉक्टरांनी उलगडा केला की ज्यांच्या गाठीत ईजीएफआरचा ठराविक बिघाड आहे त्यांनाच ही गोळी लागू पडते. २००९ मध्ये आशियाई देशांतल्या बाराशेहून जास्त रुग्णांवरचा अभ्यास छापून आला. त्यात बिघाड असलेल्यांना गोळी किमोपेक्षा सरस ठरली, आणि बिघाड नसलेल्यांना किमोच सरस.

या शेवटच्या वाक्यावर घरच्यांनी थांबायला हवं. तपासणी न करता 'किमो नको, गोळी द्या' असा हट्ट धरणं म्हणजे रुग्णाचं नुकसान करणं. शेजारच्या गावात अमक्याला गोळीने बरं वाटलं, म्हणून आपल्या माणसालाही तीच, असं होत नाही. गाठीच्या तुकड्याची जनुकीय तपासणी आधी, गोळी नंतर. टाटा मेमोरियलने २०१३ साली नऊशेच्या वर भारतीय रुग्णांची तपासणी प्रसिद्ध केली, त्यात साधारण २३ टक्के लोकांत हा बिघाड सापडला. बायकांत आणि कधीच धूम्रपान न केलेल्यांत प्रमाण जास्त. म्हणजे चारातला जवळपास एक. कमी नाही हे. एएलके, आरओएस-१ असे इतरही बिघाड असतात, त्यांच्या गोळ्या वेगळ्या.

आता मुख्य गोष्ट, किंमत.

स्वातंत्र्यानंतर आपल्याकडे इंग्रजांच्या काळातला पेटंट कायदाच चालू होता आणि औषधं जगातल्या महागड्या देशांइतकी महाग होती. न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांच्या समितीने १९५९ ला अहवाल दिला, त्यावरून १९७० चा पेटंट कायदा झाला आणि १९७२ पासून लागू झाला. त्यात औषधावर पेटंट नव्हतं, फक्त ते बनवायच्या पद्धतीवर होतं. दुसऱ्या पद्धतीने बनवा आणि विका. यावर आपला औषधउद्योग उभा राहिला. १९३५ साली मुंबईत ख्वाजा अब्दुल हमीद यांनी काढलेली सिप्ला त्यातलीच, तिचा एक कारखाना आपल्या पाताळगंगेला आहे. हैदराबादची नॅटकोही त्यातलीच.

मग जागतिक व्यापार करार आला आणि २००५ पासून औषधाच्या पेटंटचं दार पुन्हा उघडावं लागलं. पण संसदेने दार उघडताना एक कडी ठेवली. कलम ३(ड). जुन्याच औषधाला थोडं इकडेतिकडे करून नवं पेटंट मागता येणार नाही, उपयोग खरोखर वाढला पाहिजे. याच कलमावर नोव्हार्टिसचा ग्लिवेकचा खटला झाला. ते रक्ताच्या कॅन्सरचं टार्गेटेड औषध, कंपनीची किंमत महिन्याला लाखाच्या वर, आपल्याकडच्या जेनेरिकची आठ-दहा हजार. त्या पेटंटविरुद्ध उभ्या राहिलेल्यांत मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन होती, म्हणजे रुग्णांसाठी काम करणारी संस्था. १ एप्रिल २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने पेटंट नाकारलं.

आणि आपली फुफ्फुसाची गोळी? गेफिटिनिबच्या पेटंट अर्जाला नॅटकोने २००६ मध्ये हरकत घेतली. २००७ मध्ये पेटंट कार्यालयाने अर्ज फेटाळला. मूळ कंपनी ॲस्ट्राझेनेका अपिलात गेली, तिथेही २०१२ मध्ये निकाल तोच राहिला. म्हणून भारतात गेफिटिनिब अनेक कंपन्या बनवू शकल्या आणि भाव उतरत गेला. आत्याच्या उशाशी असलेली पट्टी स्वस्त आहे ती यामुळे.

एर्लोटिनिबची गोष्ट मात्र सरळ नाही, तीही सांगतो. रोशला त्याचं पेटंट मिळालं होतं. तरी सिप्लाने जानेवारी २००८ मध्ये आपली गोळी आणली. रोशची एक गोळी ४,८०० रुपयांची, सिप्लाची १,६०० ची. दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २००८ मध्ये सिप्लावर तात्पुरती बंदी घालायला नकार दिला, आणि कारणांत किंमत आणि रुग्णांचं हित हेही होतं. पुढे २०१५ मध्ये खंडपीठाने सिप्लाने पेटंटचा भंग केला असं म्हटलं, पण पेटंटची मुदत संपत आलेली असल्याने विक्रीवर बंदी घातली नाही. म्हणजे कंपन्या काही देवमाणसं नाहीत, दोन्हीकडे धंदाच आहे. फरक पडतो तो मध्ये कायदा काय आहे आणि न्यायाधीश रुग्णाकडे बघतो का, याने.

आणि जेनेरिक आली म्हणजे काम झालं असंही नाही. घाऊक भाव पडला तरी छापील किंमत तीच राहायची, मधला फायदा मधल्यामध्ये. फेब्रुवारी २०१९ मध्ये औषध किंमत प्राधिकरणाने कॅन्सरच्या ४२ औषधांवर व्यापारी नफ्याला ३० टक्क्यांची मर्यादा घातली. त्यानंतर एर्लोटिनिबच्या एका ब्रँडची छापील किंमत ९,९९९ वरून ८९१ रुपयांवर आली. बघा जरा. औषध तेच, कंपनी तीच, एका सरकारी आदेशाने नऊ हजार कमी. त्याच्या आधी ज्यांनी ती नऊ हजारांची पावती फाडली, कोणी कांदा विकून, कोणी दागिना मोडून, त्यांचे पैसे कुठे गेले ते समजून घ्या.

तिसरं काम टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने झालं. देशातल्या कॅन्सर हॉस्पिटलांचं एक जाळं २०१२ पासून उभं राहिलं, नॅशनल कॅन्सर ग्रिड. त्यांनी एकत्र येऊन ४० औषधांची घाऊक खरेदी केली आणि किमती २३ ते ९९ टक्क्यांनी खाली आणल्या. आपल्या बायका बचत गटात मिळून तांदूळ घेतात, तोच हिशोब.

संशोधनातही परळ मागे राहिलं नाही. टाटाच्या डॉक्टरांनी ३५० रुग्णांवर अभ्यास केला, निम्म्यांना फक्त गेफिटिनिब, निम्म्यांना गेफिटिनिब आणि सोबत किमो. नुसत्या गोळीवर रोग सरासरी ८ महिने आटोक्यात राहिला, दोन्ही मिळून १६ महिने. २०२० मध्ये तो अभ्यास जगातल्या मोठ्या नियतकालिकात आला. त्रासही दोन्ही मिळून जास्त होता, हे त्यांनीच लिहिलंय. म्हणून डॉक्टर कधी म्हणतात नुसती गोळी, कधी म्हणतात किमोही घ्या. ते पेशंटची ताकद बघून ठरतं. घरच्यांनी 'गोळी असताना किमो कशाला, लुटायला बसलेत' असं म्हणायच्या आधी हा आकडा आठवावा.

तर एवढ्या लोकांनी, एवढ्या वर्षांत, ही गोळी आपल्या हाताला लागेल इतकी खाली आणली. इथपर्यंत इतिहास अभिमानाचा आहे. पण आता पुढचं ऐका, मला खरं बोलायचंय ते हे.

किमोच्या काळात औषध वॉर्डात मिळायचं. नर्स बघायची, ताप मोजायची, उलटी झाली तर डॉक्टर समोर. गोळी आली आणि वॉर्ड घरात आला. नर्सचं काम कोणाकडे आलं? सुनेकडे, लेकीकडे, नवऱ्याकडे, आमच्याकडे आत्याच्या धाकट्या जावेकडे. त्यांना कोणी शिकवलं नाही, कोणी पगार देत नाही, कोणी विचारतही नाही. गोळी स्वस्त करायला कायदा झाला, कोर्ट झालं, प्राधिकरण झालं. घरी आलेल्या या कामासाठी अजून काहीच झालेलं नाही.

ते काम काय असतं, सांगतो.

त्या उंदराच्या पिल्लांची गोष्ट आठवा. ती कडी त्वचेतही असते. म्हणून गोळी सुरू झाली की पहिल्या काही आठवड्यांत तोंडावर, छातीवर पुटकुळ्या येतात. लोकांना वाटतं गोवर आला, देवी आल्या, ॲलर्जी झाली. आमच्याकडे तर एकाने 'बाहेरचं काहीतरी आहे' इथपर्यंत नेलं. तसं काही नसतं. ऊन टाळायचं, साबण सौम्य, डॉक्टरांनी दिलेलं मलम. जुलाब होतात, तेव्हा मीठ-साखरेचं पाणी आणि किती वेळा झाले त्याची नोंद. नखांच्या कडा सुजतात, पिकतात. शहरातल्या माणसाला हे किरकोळ वाटेल. मासळी साफ करणाऱ्या कोळणीला, कांद्याची माळ विणणाऱ्या बाईला नख म्हणजे हातचं हत्यार. या वर्षी आत्या माळा विणू शकली नाही, आणि तिला कॅन्सरपेक्षा त्याचंच जास्त वाईट वाटलं. अंगणात दुसऱ्या बायका विणत बसलेल्या बघून ती आत जायची. शेवटी तिला माळा मोजायचं, हिशोब लिहायचं काम दिलं, तेव्हा माणूस पुन्हा ओटीवर येऊन बसलं. हीही शुश्रूषाच आहे, मंडळी.

काही गोष्टी मात्र घरी सोडवायच्या नसतात. दम अचानक वाढला, कोरडा खोकला आणि ताप आला तर थांबायचं नाही, लगेच डॉक्टर. या गोळ्यांनी क्वचित फुफ्फुसालाच सूज येते आणि ती जिवावर बेतू शकते. जपानमध्ये सुरुवातीच्या काळात याने माणसं गेली आणि पुढे कोर्टकचेऱ्या झाल्या. गोळी चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत. त्रास झाला म्हणून आपल्या मनाने बंद करायची नाही. ॲसिडिटीची गोळी मेडिकलमधून सहज आणून द्यायची नाही, काहींच्या बाबतीत त्याने कॅन्सरची गोळी अंगात नीट उतरत नाही. ग्रेपफ्रूट टाळा असं कागदावर लिहिलेलं असतं. ते आपल्याकडे मिळत नाही म्हणून आपण हसतो, पण आपल्या परसातलं पपनस त्याच कुळातलं, तेव्हा विचारल्याशिवाय नको. आणि कोणी प्रेमाने आणून दिलेला काढा, चूर्ण, भस्म चालू असेल तर ते डॉक्टरांपासून लपवू नका. डॉक्टर ओरडतील म्हणून लपवलेलं औषध सगळ्यात जास्त महागात पडतं.

आणखी एक कठीण भाग आहे. फोटोत गाठ लहान झाली, खोकला गेला, माणूस हिंडायला लागलं की घरात पेढे वाटतात. वाटा, आनंद खरा आहे. पण शेवटच्या टप्प्यात सापडलेल्या रोगात ही गोळी बहुतेक वेळा रोग धरून ठेवते, मुळापासून काढत नाही. काही महिन्यांनी, काहींच्या बाबतीत काही वर्षांनी, पेशी कुलपातून वाट काढतात. तेव्हा पुन्हा तपासणी, कदाचित पुढची गोळी. गेफिटिनिबनंतर अनेकांत जो नवा बिघाड तयार होतो त्यावर ओसिमर्टिनिब निघालं, ते २०१५ पासून आहे, पण त्याचं मूळ कंपनीचं महिन्याचं बिल लाखाच्या घरात जातं. म्हणजे किमतीचा इतिहास संपलेला नाही, तो पुढच्या गोळीवर पुन्हा सुरू होतो. २०२४ च्या अर्थसंकल्पात त्याच्यावरचं सीमाशुल्क काढलं, त्याच वर्षी जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आणला. चांगलं आहे. पण लाखाच्या बिलावर सात टक्के सुटले तरी ते बिल कांद्यातून फिटत नाही.

रुग्णाला हे कधी, किती सांगायचं? आमच्याकडे आधी लपवालपवी झाली. काका म्हणाले तिला सांगू नका, खचेल. पण फाईल तिच्याच मांडीवर असते, ती आठवी शिकलेली आहे, हॉस्पिटलची पाटी वाचता येते. शेवटी तिनेच विचारलं, "माझंच दुखणं आणि मलाच ठाऊक नको होय?" त्यानंतर घर जरा मोकळं झालं. वेदना आणि त्रास कमी करणारा विभाग, पॅलिएटिव्ह केअर, हा शेवटच्या आठवड्यासाठी असतो असाही गैरसमज आहे. अमेरिकेत २०१० साली फुफ्फुसाच्या कॅन्सरवरच अभ्यास झाला. ज्यांना सुरुवातीपासून ही सेवा मिळाली ते बाकीच्यांपेक्षा समाधानाने जगले आणि सरासरी जास्तही जगले. परळला गेलात की त्या विभागाचं नाव घेऊन विचारा.

आता आपलं पाणी.

मांडव्याहून गेटवे दिसतं. रात्री मुंबईचे दिवे मोजता येतात. पण दोन-तीन महिन्यांनी सीटीसाठी नंबर लागतो तो पावसाळ्यात आला की समजतं मुंबई किती लांब आहे. जूनपासून गेटवेच्या बोटी बंद. ते योग्यच आहे, आपल्या आजोबांच्या पिढीने १७ जुलै १९४७ पाहिलाय, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास बुडाली आणि सहाशेच्या वर माणसं गेली. खवळलेल्या दर्यावर कोणाला पाठवा असं कोणी म्हणणार नाही. मार्च २०२० मध्ये रो-रो सुरू झाली तेव्हापासून फरक पडला हेही खरं, आजारी माणूस गाडीतून न उतरता भाऊच्या धक्क्याला पोचतं आणि तिथून परळ जवळ. पण हवा बिघडली की तीही थांबते. मग अलिबाग, वडखळ, पेण. २०२४ ला अटल सेतू झाला, पुढचा रस्ता सुटला, पण वडखळच्या कोंडीत अडकलेल्या माणसाला सेतूचा काय उपयोग. रेवस-करंजा पुलाबद्दल मी काही लिहीत नाही, त्याच्या गप्पा ऐकत दोन पिढ्या म्हाताऱ्या झाल्या.

त्यातून पोचल्यावर राहायचं कुठे? परळच्या फुटपाथवर फाईल उशाला घेऊन झोपलेली माणसं सगळ्यांनी पाहिलीत. गाडगे महाराजांच्या नावाची दादरची धर्मशाळा, परळची नाना पालकर स्मृती समिती, अशा ठिकाणी सोय होते, पण आधी चौकशी करून जा. तो खराटा घेतलेला माणूस धर्मशाळा का बांधत सुटला होता, ते परळच्या फुटपाथवर एक रात्र काढली की कळतं.

दोन गोष्टी गावाबद्दलही बोलायला हव्यात. पहिली, टीबी. छातीच्या फोटोत डाग दिसला की आपल्याकडे टीबी धरूनच चालतात, कारण टीबी जास्त आहे. आत्यालाही एका खासगी दवाखान्यात थुंकीत काही सापडलेलं नसताना काही महिने टीबीच्या गोळ्या दिल्या गेल्या. टीबीचं औषध नीट घेऊनही खोकला, वजन, डाग यांत फरक पडत नसेल तर पुढची तपासणी मागा. नम्रपणे मागा, पण मागा. दुसरी, जीभ. फुफ्फुसाचा कॅन्सर म्हटलं की लोक विचारतात, "ओढायची का?" ओढणाऱ्याला हा रोग जास्त होतो हे शंभर टक्के खरं, आणि तरुण पोरांनो, ती सोडाच. पण कधीच न ओढलेल्या बायकांनाही होतो, आणि चुलीचा धूर हाही एक कारण मानला जातो. आजारी माणसाच्या ओटीवर बसून गुन्हा शोधू नका.

मग करायचं काय? रडगाणं नको, मागण्या लिहितो.

१. १ फेब्रुवारी २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तीन वर्षांत सगळ्या जिल्हा रुग्णालयांत कॅन्सर डे-केअर केंद्र काढायची घोषणा झाली आहे. अलिबागच्या केंद्राचं काय, आणि त्यात गोळीवाल्या रुग्णांची मधली तपासणी, रक्त, फोटो होणार का, हे आमदार-खासदारांना लेखी विचारू.

२. गाठीचा तुकडा काढला की जनुकीय तपासणीची सोय तिथूनच व्हावी. तुकडा खारघरला किंवा परळला जाऊ दे, माणसाला फेऱ्या नकोत.

३. गावातल्या आशाताईंना या गोळ्यांच्या धोक्याच्या चार खुणा शिकवा. दम, ताप, न थांबणारे जुलाब, पिकलेली त्वचा. एका दुपारचं प्रशिक्षण आहे ते.

४. रेल्वेत आणि एसटीत कॅन्सरच्या रुग्णाला भाड्यात सवलत असते. तशी सवलत आणि चढायला पहिली रांग मांडवा आणि रेवसच्या तिकीट खिडकीवर ठळक अक्षरांत लिहिलेली हवी.

५. पावसाळ्याआधी, मे महिन्यातच, गावातल्या अशा रुग्णांची यादी ग्रामपंचायतीकडे असावी. कोणाची तारीख कधी, कोणाची गोळी किती दिवस पुरेल, गाडी कोणाची मिळेल. नाव जाहीर करायची गरज नाही, फोन नंबर पुरे.

यातल्या शेवटच्या दोन गोष्टींना दिल्ली लागत नाही, मुंबईही लागत नाही. आपल्या ग्रामसभा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला होतात. त्यातल्या येत्या सभेत विषय घेऊन मी जाणार आहे, सोबत चार माणसं असली तर बरं. विशेषतः ज्या घरात एखादी सून सकाळी घड्याळ लावून गोळी देते, तिने यावं आणि तिनेच बोलावं. ती काय करते हे पंचायतीच्या वहीत एकदा लिहिलं जाऊ दे.

१९७० ला कोणीतरी संसदेत बसून औषधाचा विचार केला म्हणून आज आपल्याकडे गोळी आहे. ती देणाऱ्या हाताचा विचार करायची पाळी आता आपली आहे.

ज्यांना परळची नोंदणी, राहायची सोय किंवा योजनेच्या कागदांबद्दल काही विचारायचं असेल त्यांनी मेसेज करा, जमेल तेवढं सांगीन. औषधाबद्दल मात्र मला नको, डॉक्टरांना विचारा.